साहेबांच्या गाडीतली हवा

तुमच्या कारखान्यात सगळ्यात स्वच्छ हवा कुणाच्या वाट्याला येते?

सावकाश विचार करा. मी भोसरीच्या ज्या फाउंड्रीत टायपिस्ट होते, तिथलं उत्तर मला पाठ आहे. तिथे सगळ्यात स्वच्छ हवा साहेबांच्या गाडीच्या मागच्या सीटला मिळायची. साहेब गाडीत नसले तरी मिळायची. गाडी पिंपळाखाली नुसती उभी असली तरी तिच्या आत घर सारवल्यासारखं वाटायचं, आणि भिंतीपलीकडे फेटलिंगच्या शेडमध्ये माणसं काळं थुंकत असायची.

ही व्यवस्था ज्यांनी केली ते मालकांचे खुशमस्करे नव्हते. ते आमच्याकडे गाड्यांची देखभाल करणारे मिस्त्री होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्याविषयी लिहायला बसले असते तर पहिल्याच ओळीत 'जागे व्हा' असं लिहिलं असतं. आता लिहवत नाही. वय काही झालेलं नाही माझं, पण जागे असलेल्या माणसांना पुन्हा जागे व्हा म्हणून सांगायचा कंटाळा आला आहे.

मिस्त्री तळवड्याचे. रोज सायकलवरून यायचे, नाकातोंडाला ओला रुमाल बांधून. गेटवरचा वॉचमन त्यांना दरोडेखोर म्हणायचा. "आला बघा दरोडेखोर, डबा तपासा." मिस्त्री रुमाल न काढता डबा उघडून दाखवायचे. त्यांच्या डब्यातल्या ताकालाही फडकं बांधलेलं असायचं. चहा ते स्वतःच्या फडक्यातून गाळून प्यायचे, कँटीनच्या गाळणीवर त्यांचा विश्वास नव्हता. कोरड्या जमिनीवर कुणी झाडू मारायला लागलं की हातातलं काम टाकून पाण्याची बादली घेऊन धावायचे. झाडणाऱ्या मावशी वैतागायच्या. "मिस्त्री, तुमच्यापायी माझा चिखल होतोय." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "चिखल पायाला लागतोय मावशे, पाय धुता येत्यात. छाती कशी धुशील?"

तरुणपणी काही वर्षं ते देहूरोडला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात होते. तिथल्या ट्रकांच्या इंजिनाला हवा तेलातून गाळून दिली जाते हे त्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. इंजिनाला गाळलेली हवा आणि आत बसलेल्या माणसाला न गाळलेली, हे कसं? आमच्याकडच्या गाड्यांना पुढच्या काचेच्या खाली एक झडप असायची. आतून दांडी ओढली की झडप उघडे आणि बाहेरची हवा आत येई. झडपेत माशी अडेल एवढी जाळी असली तर असली, बाकी काही नाही. मिस्त्रींनी साहेबांच्या गाडीच्या झडपेत तारेची एक चौकट बसवली आणि तिच्यावर कापड ताणलं. मलमल चालेना, धूळ आरपार जायची. मांजरपाट चालेना, हवाच अडायची. शेवटी जुन्या धोतराचा एक थर, त्यावर फलाटीनच्या लवदार कापडाचा एक, आणि दोन्हींना तेलाचा नुसता हात, असं जमलं. गाडीला छाती असते आणि तिला पदर लागतो, असं ते म्हणायचे.

दर शनिवारी ते कापड बदललं जायचं. तो कार्यक्रम आम्ही डिस्पॅच ऑफिसच्या खिडकीतून पाहायचो. बॉनेट उघडायचे, चौकट बाहेर काढायचे, जुनं फडकं उजेडात धरून बराच वेळ बघायचे. डॉक्टर एक्स-रे बघतात तसं. मग नवं ताणून बांधायचे, गाडीत बसून चारी काचा वर करायचे, दांडी ओढायचे आणि डोळे मिटून श्वास घ्यायचे. साहेब बाहेर ताटकळत असले तरी मिस्त्रींचा श्वास घेऊन होईपर्यंत दार उघडायचं नाही. साहेब उभे राहायचे. कारण साहेबांना शिंकांचा विकार होता आणि त्या फडक्यानं त्या थांबल्या होत्या. "मिस्त्री, तुम्ही नसतात तर मी वर्षातला निम्मा काळ रजेवर असतो," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे.

ब्रेक तपासायच्या आधी हवा तपासणारा दुसरा मिस्त्री मी पाहिला नाही. कुणी टोकलं तर म्हणायचे, "ब्रेक गेला तर माणूस एकदाच मरतंय. हवा गेली तर रोज."

मला ते अजिबात आवडायचे नाहीत. हे सांगून टाकते, कारण व्यक्तिचित्रात माणूस पहिल्यापासून आवडत असतो अशी समजूत आहे. माझे वडील दापोडीच्या एका छापखान्यात यंत्रावर होते. आमच्या घरी खेळणी नव्हती. जयंतीची, सभांची, संपांची उरलेली पत्रकं होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. फाउंड्रीत लागल्यावर युनियनची पत्रकं मीच लिहायची, स्टेन्सिल मीच कापायची. असल्या मुलीला, साहेबांच्या नाकासाठी शनिवार खर्च करणारा माणूस काय आवडणार?

एकदा गेटवर पत्रकं वाटताना मी एक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं नाही. तोंडासमोर धरलं आणि फुंकर मारून पाहिली.

"ह्याला भोकं न्हाईत, पोरी."

"कशाला हवीत भोकं?"

"हवा जायाला भोक लागतंय, धूळ अडायला धागा लागतोय. तुझ्या कागदात दोन्ही न्हाई."

"आणि तुमच्या फडक्यात फक्त साहेबांची हवा आहे."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "व्हय," म्हणाले, "एकाची तर हाय. तुझ्या कागदानं कुणाची झाली?"

त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

ते मला कळले ते त्यांच्या भावामुळे. मिस्त्रींचा धाकटा भाऊ फेटलिंगला होता. साच्यातून निघालेल्या लोखंडी कास्टिंगला जळकी वाळू चिकटलेली असते. ती हातोड्यानं आणि ग्राइंडरनं काढायची, म्हणजे फेटलिंग. वाळूचं पीठ होतं आणि ते पीठ हवेत राहतं. शेडच्या आतच, छताजवळ, धूळ ओढणारा मोठा पंखा होता, त्याच्या मागे कापडाची लांब पिशवी. पंखा धूळ ओढणार, पिशवी ती धरणार, आणि पिशवी भरली, फाटली की बदलायची. ही पिशवी फाटून किती काळ झाला हे कुणालाच आठवत नव्हतं. पंखा एका बाजूनं धूळ ओढायचा आणि फाटक्या पिशवीतून ती दुसऱ्या बाजूनं आत सोडायचा. मिस्त्रींनीच भावाला तिथे चिकटवलं होतं. गावात राहून काय करणार, म्हणून. भाऊ माळकरी, बिडी नाही, तंबाखू नाही. आणि खोकायचा असा, की डिस्पॅच ऑफिसात मला टाइपरायटरच्या आवाजावर तो ऐकू यायचा.

दर शनिवारी साहेबांच्या गाडीत नवं फडकं बसवून झालं, श्वास घेऊन झाला, की मिस्त्री दार उघडून धरायचे आणि एकच वाक्य बोलायचे.

"साहेब, शेडची पिशवी बदला."

"बघू मिस्त्री. पुढच्या बजेटात नक्की बघू."

साहेब खोटं बोलत नव्हते. ते खरंच बघणार होते. आत्तापर्यंत मला भेटलेले सगळे साहेब खरंच बघणार होते.

मी खिडकीतून हे ऐकायची. युनियनच्या मागण्यांत पिशवी नवव्या क्रमांकावर होती. पहिल्या आठांवर बोलणी व्हायची आणि चहा यायचा.

आता मिस्त्रींच्या सगळ्यात विचित्र सवयीविषयी लिहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते हे तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी सगळं धुऊनपुसून ठेवायचं, मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. गाड्यांच्या चाकाखाली लिंबू. मिस्त्री गाडीला हार घालायचे नाहीत. ते काम ड्रायव्हरचं. ते त्या आठवड्याचं जुनं, काळंकुट्ट फडकं काढायचे, पाटावर ठेवायचे, त्याला हळदकुंकू वाहायचे, हात जोडायचे आणि मग जाळून टाकायचे. आमच्या घरातून देव जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. मला हा प्रकार बघवायचा नाही. मी एकदा विचारलंच, "मळक्या चिंधीची कसली पूजा, मिस्त्री?"

"तिनं खाल्लं म्हणून आपुन खाल्लं न्हाई," ते म्हणाले. "खाणारीला एकदा कुंकू लावावं आन मोकळं करावं."

तेव्हा मी मान उडवली. अजूनही मला पूजा पटत नाही. पण 'मोकळं करावं' हा शब्द मी विसरले नाही, आणि बाकीचे सगळे नेमके तोच विसरले.

बजेट आलं, गेलं. पिशवी बदलली नाही. तेव्हा मिस्त्रींनी पावसाळाभर बसून फेटलिंगच्या प्रत्येक माणसासाठी तोंडावर बांधायची फडकी केली. भंगारातल्या तारेची वाटीसारखी चौकट, तिच्यावर धोतराचा थर आणि फलाटीन, मागे नाड्या. तेल मात्र नाही, माणसाला वास येतो म्हणून. वापरून काळी झाली की चौकट तीच ठेवून कापड बदलायचं. बदलायचं कापडही त्यांनी गाठोडं बांधून शेडमध्ये ठेवलं. घरातली धोतरं संपली तेव्हा शेजाऱ्यांकडून मागून आणली. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, तळवड्यात आता म्हातारे उघडे फिरत असतील." मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

सुरुवातीला माणसं बांधायची. भाऊही बांधायचा. पण कापड बदलायला कुणी तयार होईना. ज्याचं फडकं जास्त काळं तो जास्त दणकट, अशी शेडमध्ये चढाओढ लागली. "माझं बघ, तव्यागत झालंय." "तुझं कसलं रे, कालचं दिसतंय." मिस्त्री एकेकाच्या हातापाया पडून कापड बदलायचे आणि ते पाठ फिरवून गेले की जुनंच परत लागायचं.

मग खंडेनवमी आली. मिस्त्री चिंधीला कुंकू लावतात हे सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. फेटलिंगच्या माणसांनी आपापली फडकी धुतली, वाळवली, नवं कापड ताणलं, पाटावर ओळीनं मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. मिस्त्रींचा मान म्हणून नारळ त्यांच्या हातून फोडला. त्यांना वाटलं, शेवटी कळलं यांना. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्यानंतर माणसं कामावर आली तेव्हा प्रत्येक ग्राइंडरवरच्या भिंतीत एक खिळा होता, खिळ्याला फडकं होतं, फडक्यावर कुंकू आणि वाळकं फूल. आणि खाली माणसं उघड्या तोंडानं काम करत होती.

पुजलेली वस्तू तोंडाला कशी बांधणार? थुंकी लागेल, उष्टी होईल. काढून टाकणार तरी कशी? म्हणून ती भिंतीवर राहिली. देवासारखी.

थंडीत सरकारी तपासणी आली. तपासणी येणार हे दोन दिवस आधी कळायचं, हे काही गुपित नव्हतं. त्या दिवशी देखभालीच्या नावाखाली ग्राइंडर बंद ठेवले, जमिनीवर पाणी मारलं. तपासणीला आलेले गृहस्थ नाकाला रुमाल लावायच्या तयारीनं शेडमध्ये शिरले आणि रुमाल खिशात ठेवला. पिशवी छताजवळच्या अंधारात होती. तिकडे त्यांनी पाहिलं नाही, कारण भिंतीवरची रांग दिसली.

"हे काय?"

साहेबांनाही माहीत नव्हतं. ते शेडमध्ये फारसे यायचेच नाहीत. पण माणूस हुशार. फडकी ओळखीची होती, रोज ते तशाच एका फडक्यामागे बसायचे. "श्वासाच्या संरक्षणासाठी आहेत. आमच्या मिस्त्रींनी बनवलीत. माणसं इतकी जपतात, की दसऱ्याला पूजा करतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते गृहस्थ प्रसन्न झाले. एका फडक्याला त्यांनी बोट लावलं आणि मग, कुंकू बोटाला लागलं म्हणून असेल, हात जोडले. कामगारांना संरक्षण पुरवलेलं आहे असा शेरा पडला आणि पिशवीचा विषय मिटला. पुढच्या बोलण्यांत नववी मागणी वाचायलाच कुणी तयार नव्हतं.

मी ही बातमी मिस्त्रींना सांगायला गेले तेव्हा ते गाडीखाली आडवे होते. गाडीखालूनच त्यांनी विचारलं, ग्राइंडर कधी सुरू होणार.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर सुरू झाले आणि मिस्त्री शेडमध्ये शिरले. मी मागोमाग गेले. ते एकेक फडकं खिळ्यावरून काढत चालले होते आणि माणसं कामं थांबवून बघत होती. भाऊ आडवा आला.

"दादा, हात लावू नगं. दसऱ्याचं हाय त्ये."

"दसरा झाला. तोंडाला बांध."

"पुजल्यालं तोंडाला?"

"मी जुन्याला पुजत व्हतो. जुन्याला. काम संपल्यालं असतंय त्याचं."

"त्ये आमाला काय ठावं? तू चिंधीला हात जोडत व्हतास, आमी जोडले." भावाला खोकला आला. तो ग्राइंडरच्या टेबलाला धरून वाकला, आणि थांबल्यावर हळू म्हणाला, "तूच शिकवलंस की, दादा."

शेडमध्ये कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या मिस्त्री, राहू दे, बरकत हाय त्यात." मिस्त्रींनी हातातलं फडकं फूल झटकून स्वतःच्या तोंडाला बांधलं आणि भावाशेजारी उभे राहिले. सबंध पाळी उभे राहिले. घामानं कुंकू ओघळून हनुवटीवर आलं. "नवरदेव आला नवरदेव," अशी कुजबुज झाली, हसणंही झालं. पण जेवणाच्या सुट्टीनंतर भावानं बांधलं, मग आणखी दोघा-तिघांनी. उन्हाळ्यापर्यंत ते टिकलं. एप्रिलमध्ये पत्रा तापला आणि फडकी परत खिळ्यावर गेली.

त्या आठवड्याच्या शनिवारी मिस्त्रींनी साहेबांच्या गाडीतलं फडकं काढलं आणि नवं घातलं नाही. सोमवारी साहेब शिंकत आले. मंगळवारीही.

"मिस्त्री, त्या फडक्याचं काय झालं?"

"बघू साहेब," मिस्त्री म्हणाले, "पुढच्या बजेटात."

ते उर्मटपणे बोलले नाहीत. मी तिथे उभी होते, त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. साहेबांना आधी समजलं नाही, मग समजलं, आणि त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. कारण त्यांना खरोखर वाटत होतं की मिस्त्रींचं आणि त्यांचं काहीतरी वेगळं नातं आहे. मिस्त्रींना गाड्यांवरून काढून भंगाराच्या यार्डात टाकलं. ते तिथेही पाणी मारायचे. पुढे त्यांनी काम सोडलं. सोडलं की सोडायला लावलं, हा वाद आम्ही युनियनमध्ये दोन बैठका घातला आणि तिसरीला विसरलो. मीही तिथे आता नाही.

गेल्या महिन्यात तळवड्याला गेले होते. मिस्त्री घराच्या पडवीत सायकली दुरुस्त करतात. आत भाऊ बसून असतो. आडवं झालं की श्वास अडकतो, म्हणून झोपतोही बसूनच. थंडीत तर तेही जमत नाही. चाळिशीही गाठलेली नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहिलं आहे: क्षय, बिडीच्या व्यसनानं. ज्या माणसानं गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून बिडीचा धूरही अंगावर घेतला नाही, त्याला ते कागद वाचून दाखवायचं धाडस मिस्त्रींना अजून झालेलं नाही. भावाला वाटतं, आपलं दुखणं वाळूचं आहे आणि तसं लिहिलेलं आहे. मिस्त्रींना दावा लावायचा आहे. पैसा मिळेल न मिळेल, त्याविषयी ते बोललेही नाहीत. "ह्यो मरायच्या आत कागदावरची बिडी खोडली पायजे," एवढंच म्हणाले.

वकिलाला साक्षीदार हवे आहेत. कंपनी म्हणते, पिशवी दर वर्षी बदलली जात होती. उलट सांगणारे आम्ही दोघंच. एक नोकरी गेलेला मिस्त्री, भावाचा भाऊ. आणि एक युनियनची टायपिस्ट, जी शेडमध्ये काम करत नव्हती. ज्यांनी त्या पिशवीखाली उभं राहून काम केलं ते निम्मे ठेकेदाराचे होते. कुणी बीडला परत गेले, कुणी साताऱ्याला, कुणी चाकणकडे दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये उभे आहेत. जे अजून तिथेच आहेत ते मला बघून रस्ता बदलतात. मी त्यांना दोष देत नाही. मुलं सगळ्यांना आहेत.

पण हे वाचणाऱ्यांत तुम्ही असाल, किंवा तुमचा भाऊ, मेहुणा, खोलीतला जोडीदार त्या शेडमध्ये पाळी करून आला असेल, तर ऐका. भाषण द्यायचं नाही, कुणाविरुद्ध घोषणा द्यायची नाही. तळवड्यात सायकलवाल्या मिस्त्रींचं घर कुणीही दाखवेल. एखाद्या रविवारी या, आत बसलेल्या माणसाजवळ बसा, आणि पडवीत येऊन मिस्त्रींना हळू सांगा की मी तिथे होतो, पिशवी फाटलेली होती, आणि तो बिडी ओढत नव्हता. मग तेच वाक्य कोर्टात एकदा म्हणा. एकट्याला भीती वाटत असेल तर दोघं मिळून या. पण थंडी सुरू व्हायच्या आत या.